दोन गुणांनी नापास

एकतीस वर्षं ज्या माणसाने लोकांना धडाधड नापास केलं, त्याला आयुष्यात पहिल्यांदा शंभरापैकी अठ्ठावीस गुण पडले, आणि तेही त्रिकोण कुठला नि चौकोन कुठला हे सांगण्यात. त्या दिवशी परवानासाहेब कोणाशी बोलले नाहीत. जेवले मात्र व्यवस्थित. राग आणि जेवण यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

परवानासाहेब हे नाव इमारतीने ठेवलेलं. गाडी चालवायचा परवाना द्यायचा की नाही, हे ठरवणारी परीक्षा ते घेत. शेजारच्या सीटवर मांडीवर कागद ठेवून बसायचे, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही, आणि गाडी थांबली की शांतपणे लाल शेरा मारायचे. ओळख नाही, वशिला नाही, चिठ्ठीचपाटी नाही. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी सात वेळा उडवला. मेहुणा अजून बसने येतो, आणि आला की फक्त बहिणीशी बोलतो.

तर अशा या माणसाला पाच महिन्यांपूर्वी दाढी करता करता पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिघांनी एकदम संप पुकारला. इस्पितळाने जीव वाचवला, जीभही बरीचशी ताळ्यावर आणली. पण घर पडलं तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे घरी आणलं ते खुर्चीला पट्ट्यांनी बांधून, चौघांनी उचलून. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी आणि दारात माणसं. कोणीतरी म्हणालं, "सांभाळून हं, कोपरा लागेल," अगदी कपाट चढवताना म्हणतात तसं. साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं, की आता या जिन्यावरून खाली जाईन तो माझ्या पायांनी. नाहीतर जाणारच नाही. आणि खरंच तेव्हापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावर गाड्या वाकड्या लावणाऱ्यांकडे बघायचे आणि तळमळायचे.

परगावी असलेल्या मुलीने मग त्यांचं नाव एका ऑनलाइन कार्यक्रमात घातलं. बारा आठवडे, घरबसल्या व्यायाम आणि मेंदूची तालीम. एक खोकं आलं. त्यात एक टॅब, एक रबरी चेंडू, एक ताणायची पट्टी आणि घोट्याला बांधून पावलं मोजायचा पट्टा. आठवड्यातून तीनदा सकाळी पडद्यावर थेरपिस्ट मुलगी यायची. तिचं वय साहेबांच्या मते परवाना मिळण्याइतकंही नसावं, पण बोलायची अशी की हुज्जत घालायची सोय नाही. "काका, टाच आधी. टाच! पुन्हा." बाकीचे दिवस गृहपाठ. रोज पट्टा बांधून अर्धा तास घरात चालायचं आणि टॅबवरची कोडी सोडवायची.

साहेबांनी कार्यक्रमाचा तक्ता वाचला आणि नवव्या आठवड्याभोवती डाव्या हाताने वेडंवाकडं वर्तुळ काढलं. तिथे लिहिलं होतं, 'जिना: चढणे व उतरणे.'

"मला... हा धडा हवा," ते बायकोला म्हणाले. "बाकीचे त्रिकोण... त्यांनाच लखलाभ."

आता या बायकोविषयी सांगायला हवं. त्या गणिताच्या बाई. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. हाताखालून हजारो मुलं गेली आणि बाईंचा निकाल कधी नव्वद टक्क्यांच्या खाली आला नाही. अशा बाईंच्या घरात, त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्याच नवऱ्याच्या नावापुढे लाल अक्षरात अठ्ठावीस! बाईंना ते बघवेना. शिकवणीला बसवावं तर साहेब कसले ऐकतात. "तू मध्ये... बोलू नकोस," म्हणायचे.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी साहेब दुपारचे झोपले होते, टॅब टेबलावर उघडाच होता, आणि पडद्यावर साधी वजाबाकी चुकलेली दिसत होती. बाईंनी ती नुसती दुरुस्त केली. एवढंच. चुकलेली वजाबाकी डोळ्यांसमोर ठेवून पुढे जाणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. टॅबने टिंग करून एक हिरवी चांदणी दिली. बाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि पुढचं गणित घेतलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागेल, जी बाईंना तेव्हा समजली नव्हती. हा टॅब हुशार होता. गुण वाढले की तो कोडी आणखी अवघड करायचा. त्यामुळे दुपारी बाई चांदण्या मिळवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांपुढे अशी कोडी यायची की धडधाकट माणसाने हात टेकावेत. साहेब घाम पुसत पुसत चुकायचे. मग ते भरून काढायला दुपारी बाईंना दुप्पट चांदण्या मिळवाव्या लागायच्या. टॅबने आठवड्याचा आलेख पाठवला तो करवतीच्या दात्यांसारखा. सकाळी ढ, दुपारी हुशार.

कार्यक्रमाच्या कचेरीने त्याचा अर्थ लावला आणि पत्र पाठवलं: 'रुग्णाची बुद्धी दुपारी अधिक तल्लख आढळल्याने सकाळची सत्रे दुपारी अडीच वाजता घेण्यात येतील.' अडीच ही साहेबांची घोरण्याची वेळ. एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी दुपारची झोप सरकारलासुद्धा दिली नाही, त्यांना आता डोळे ताणून टाच आधी टेकवावी लागली. त्यांनी बाईंना विचारलं, "मी दुपारी... तल्लख कधी असतो?" बाई म्हणाल्या, "मला काय ठाऊक, मी आपली स्वयंपाकघरात असते."

तोवर कोडी इतकी वर गेली होती की बाईंनाही एकटीने झेपेनात. गणितं ठीक, पण आकृत्या आल्या, उलटसुलट नकाशे आले. मग समोरच्या घरातल्या दंतवैद्यीण बाईंना विश्वासात घ्यावं लागलं. त्यांना मेंदूविषयी बोलायची हौस आधीपासूनच होती. "मेंदू म्हणजे काय हो, दातांच्या वरच्या मजल्यावरच तर आहे," असं म्हणून त्यांनी आकृत्यांचा विभाग ताब्यात घेतला. शब्द पाठ करायचा विभाग गेला दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांकडे. वकिलांची स्मरणशक्ती दांडगी, विशेषतः इतर लोक पूर्वी काय म्हणाले होते त्याबाबत. दवाखाना आणि कोर्ट सांभाळून दोघं सवडीप्रमाणे टॅब नेऊ लागले. वकिलांनी पट्टा बघितला आणि म्हणाले, "बाई, मी रोज पहाटे तासभर चालतो. ती पावलं नुसती फुकट जातात. द्या इकडे. रोज तुमच्याच दारातून पट्टा बांधून निघेन आणि इथेच आणून देईन."

अशा रीतीने परवानासाहेब पहाटे सहाला गाढ झोपेत असताना तीन मजले उतरून, मैदानाला चार फेऱ्या मारून, तीन मजले चढून घरी येऊ लागले.

साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त आठवड्याचा निकाल दिसायचा. चाळीस. पंचावन्न. बहात्तर. पहिल्यांदा त्यांना नवल वाटलं, मग बरं वाटलं, आणि मग, खोटं कशाला सांगा, ते जरा फुगले. मुलीला फोनवर म्हणाले, "मेंदू म्हणजे... चांगल्या इंजिनासारखा. तापला की... पळतो." मुलगी रडली. बाईसुद्धा रडल्या, पण वेगळ्या कारणाने.

आठव्या आठवड्याच्या सोमवारी कचेरीचं पत्र आलं. साहेबांनी बाईंना ते मोठ्याने वाचायला लावलं.

'अभिनंदन! साठ गुणांवर उत्तीर्ण समजले जाते. आपण एक्क्याण्णव मिळवून कार्यक्रमाची सर्व उद्दिष्टे मुदतीआधीच पूर्ण केली आहेत. आपण रोज सरासरी नऊ हजार पावले चालत असून तीन मजल्यांचा जिना विनासायास चढत-उतरत असल्याने जिन्याचा धडा आपल्याला आवश्यक नाही. आपली जागा पुढील रुग्णास देण्यात येत आहे. गुरुवारी निरोपाचे सत्र होईल.'

साहेब क्षणभर खूश झाले. मग त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, काठी घेतली, पाय ओढत दारापर्यंत गेले आणि दार उघडून जिन्याकडे बघितलं. उजवा पाय पहिल्या पायरीच्या वर अधांतरी धरला. तो लटपटायला लागला. त्यांनी तो मागे घेतला.

"हा जिना," ते म्हणाले, "मी कधी उतरलो?"

बाई टॅबची काच पदराने पुसायला लागल्या. मग साहेबांमधला परीक्षक जागा झाला. त्यांनी टॅबमधली नोंद उघडायला लावली. पावलं पहाटे सहा दहाला सुरू. गेल्या मंगळवारी तर मैदानाच्या टोकाला दोनशे बारा पावलं धावत!

"धावत?"

"कुत्रं मागे लागलं होतं," दारातून आवाज आला. वकील टॅब न्यायला आले होते. आपण काय बोलून बसलो हे त्यांना नंतर कळलं. असं त्यांचं कोर्टातही होतं म्हणतात.

दहा मिनिटांत तिन्ही आरोपी सोफ्यावर ओळीने बसले होते. साहेब समोर खुर्चीत. वकिलांनी हेतू शुद्ध असल्याचा मुद्दा मांडला. दंतवैद्यीण बाई म्हणाल्या की आकृत्यांमुळे त्यांचा स्वतःचा मेंदू फार सुधारलाय. साहेबांनी दोघांकडे लक्ष दिलं नाही. ते बाईंकडे बघत होते.

"मी मेहुण्याला... पास केलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या भावाला! आणि तू मला... कॉपी करून?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला भीती वाटली हो. अठ्ठावीस बघितले ना. म्हटलं, हे लोक म्हणतील या माणसात काही राम नाही, याला काढून टाका. मग तुम्ही गॅलरीतच बसून राहाल. जन्मभर. ढ मुलांना शाळा काढून टाकते, मी बघितलंय ते. तुम्हाला कोणी काढून टाकलेलं मला चाललं नसतं."

साहेबांचा राग कुठल्या कुठे गेला, पण दाखवायचा म्हणून त्यांनी तो थोडा वेळ तोंडावर ठेवला.

"अगं वेडे," ते म्हणाले. "मी नापास करायचो... म्हणजे काय सांगायचो? पुन्हा या. एवढंच. नापास झालेला... पुन्हा येतो. पास झाला की... संपलं. जा घरी."

चौतीस वर्षं शिकवूनही बाईंना हा हिशेब कधी सुचला नव्हता. त्या पदराआडून म्हणाल्या, "मग आता कसं हो?"

"आता मला... नापास करून घ्या."

हे म्हणणं सोपं होतं. वकिलांनी प्रायश्चित्त म्हणून सात पानी अर्ज लिहिला: 'गुण कमी करून मिळणेबाबत.' कचेरीचं उत्तर तासाभरात आलं. गुण वाढवून मिळण्यासाठी अर्जाचा नमुना आहे. कमी करून मिळण्याची तरतूद नाही. मग मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, की टॅबवर आपल्या पातळीचं एक कोडं सोडवून आधी आपली ओळख पटवा. साहेबांची पातळी होती चौदा. टॅबने बावीस वस्तूंची यादी दाखवली, झाकली, आणि ती उलट क्रमाने विचारली.

साहेबांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मोठ्या प्रयासाने म्हणाले, "साबण."

टॅब म्हणाला, 'क्षमस्व. आपण हे रुग्ण नाही.'

"झटक्यात हात गेला, पाय गेला," साहेब म्हणाले, आणि नेमकं या वेळी त्यांची जीभ एकदाही अडली नाही. "नाव तेवढं राहिलं होतं. तेही या डबड्याने काढून घेतलं!"

"मी सोडवून देतो ना पटकन," वकील पुढे सरसावले.

"वकीलसाहेब, खाली बसा!"

शेवटी गुरुवारी निरोपाच्या सत्रात थेरपिस्ट मुलगी पडद्यावर आली, हातात फुलांचं चित्र घेऊन, आणि साहेबांनी तिला सगळं सांगून टाकलं. कोणाचं नाव न घेता. "घरातल्या व शेजारच्या... काही हितचिंतकांनी," एवढंच म्हणाले. मुलीने आधी तोंडावर हात ठेवला, मग तिचे खांदे हलायला लागले, मग ती पडद्यातून खालीच गेली. वर आली तेव्हा डोळे पुसत होती. "काका, कुत्रं? मी तो वेग माझ्या वरिष्ठांना कौतुकाने दाखवला होता हो!"

वरिष्ठ डॉक्टर मात्र हसणारे नव्हते. त्यांनी फेरपरीक्षा लावली. शुक्रवार, सकाळी दहा, कॅमेऱ्यासमोर. साठ किंवा जास्त पडले तर जागा जाईल. साठच्या खाली राहिले तर उरलेले चार आठवडे, जिन्यासकट, मिळतील.

इमारतीतून सल्ल्यांचा पूर आला. दंतवैद्यीण बाई म्हणाल्या, आदल्या दिवशी अजिबात विश्रांती घेऊ नका. वकील म्हणाले, कायद्याने उत्तर न देण्याचा हक्क आहे. बाईंनी तर हळूच सुचवलं, "दोनचार सोपी गणितं चुकवा की मुद्दाम. तुमच्या भल्यासाठीच." साहेबांनी काठी आपटली. खोटं पास व्हायचं नाही, तसं खोटं नापासही व्हायचं नाही. जे येतं ते लिहिणार, पडतील ते गुण.

शुक्रवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बाईंना पाठमोरं बसवलं होतं. बाकीच्यांना बाहेर काढलं, पण दार पातळ असल्याने ते बाहेर असून नसल्यासारखेच होते.

"शंभरातून सात वजा करत जा," पडद्यावरून डॉक्टर म्हणाले.

"त्र्याण्णव," साहेब म्हणाले. "शहाऐंशी... एकोणऐंशी... बहात्तर..."

बाईंच्या तोंडून कळवळून उसासा निघाला. आयुष्यात बरोबर उत्तराने त्यांना इतकं दुःख कधी झालं नव्हतं. पाच शब्द लक्षात ठेवा म्हणाले, तर साहेबांनी चार सांगितले आणि दाराबाहेर कोणीतरी "गेलं!" म्हणालं. उजव्या हाताने पेला उचला म्हणाले. साहेबांनी उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि निम्मं पाणी इस्त्रीवर सांडलं. दाराच्या फटीतून बघणाऱ्यांच्या दबक्या टाळ्या. हात न टेकता खुर्चीतून उठा म्हणाले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं नाही. तिसऱ्यांदा साहेब दात आवळून, थरथरत, पण उठले, आणि आपण उठलो याचं त्यांना इतकं नवल वाटलं, की ते गुणांचं पार विसरून उभेच राहिले.

डॉक्टरांनी बेरीज केली. ती करताना त्यांनी दोनदा चष्मा काढला. बाईंना तेवढ्या वेळात तीन वेळा बेरीज करता आली असती.

"अठ्ठावन्न."

"दोन गुणांनी नापास!" बाई किंचाळल्या आणि खुर्ची फिरवून उठल्याच. दार धाडकन उघडलं. वकिलांनी दंतवैद्यीण बाईंचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. नापास झाल्याबद्दल इतका आनंद त्या इमारतीत कधी झाला नव्हता. गलक्यात डॉक्टरांशेजारी बसलेली थेरपिस्ट मुलगी ओरडत होती, ते कोणालाच ऐकू येईना. शेवटी तिने पडद्यावर कागद धरला. त्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलं होतं, २८ आणि त्याखाली ५८.

"काका, सात आठवड्यांत तीस गुण! हे तुमचे. यातला एकसुद्धा दुसऱ्या कोणाचा नाही."

साहेब बसले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. एक्क्याण्णव पडले तेव्हासुद्धा त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग जिना सुरू झाला. नवव्या आठवड्यात एक पायरी, तीच वर आणि तीच खाली. "काका, चढताना चांगला पाय आधी, उतरताना अशक्त पाय आधी. घाई नाही." दहाव्यात चार पायऱ्या. अकराव्यात अर्धा जिना आणि परत. वकील आणि दंतवैद्यीण बाई आळीपाळीने पाठीशी उभे राहायचे, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. वकिलांना ते फार जड गेलं.

बाराव्या आठवड्याच्या बुधवारी साहेब पूर्ण जिना उतरले. डावा हात कठड्यावर, वकील मागे कंबरेचा पट्टा धरून, आणि बाई दोन पायऱ्या खाली, उलट्या चालत, हातात टॅब, टॅबमध्ये थेरपिस्ट मुलगी. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी आणि दारात माणसं. कोणी चकार शब्द काढला नाही. साहेब मध्येच थांबत, दम घेत, आणि उजवा पाय पुन्हा खाली टाकत. टाच आधी.

शेवटची पायरी उतरून ते अंगणात उभे राहिले. समोर एक लाल गाडी दोन गाड्यांची जागा अडवून तिरकी लावलेली होती. साहेबांनी तिच्याकडे डोळे भरून बघितलं.

"वा, काका, वा!" टॅबमधून मुलगी म्हणाली. "काकू, आता नोंद करू या. उतरताना काका किती वेळा थांबले?"

बाईंनी वर जिन्याकडे बघितलं. आकडा आठवेना. आठवणार कुठून, पूर्ण जिनाभर त्या फक्त साहेबांच्या पायांकडे बघत होत्या.

"मी मोजलंच नाही गं," त्या म्हणाल्या.

"असू दे काकू. अंदाजे सांगा, मी भरते."

"अंदाजे?" बाई ताठ झाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तसंच वाहू दिलं. "छे छे, अंदाजे काही भरायचं नाही. जागा रिकामी ठेव. उद्या उतरतील ना हे, तेव्हा मोजते."